मुदत ठेव मोडून दुर्बीण घ्यावी का?

प्रश्न: साताऱ्यात माध्यमिक शिक्षक आहे, वय ४७, चष्मा आहे. वीस वर्षं पक्षी बघतोय, बहुतेक रविवारी मायणी नाहीतर कास. स्वारोव्स्कीची एनएल प्युअर १०×४२ दुर्बीण (दहापट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं) घ्यायची आहे, मला सांगितलेली किंमत २,८५,०००. पगार हातात ७८,०००. गृहकर्जाच्या हप्त्यासह घरखर्च ४९,०००, एसआयपी ७,०००. मुदत ठेव ४,३०,०००, बाकी शिल्लक नाही. मुलगी अकरावीत. ठेव मोडू, कार्डावर बारा हप्ते करू, की ४५,०००ची घेऊ? कराडच्या मित्राकडे झाइस एसएफ ८×४२ आहे.

उत्तर: सर, ठेव मोडू नका आणि कार्डही काढू नका. दुर्बीण मात्र मनातून काढायची गरज नाही.

ठेवीतून २,८५,००० गेले की उरतात १,४५,०००, म्हणजे घराचा तीन महिन्यांचा खर्चही नाही. घरात कुणाला दवाखान्यात ठेवावं लागलं तर? शिवाय मुदतीआधी मोडल्याचा दंड आहेच. बारा हप्ते केलेत तर महिना २३,७५०, आणि तुमच्याकडे सगळं भागून उरतात २२,०००. ‘बिनव्याजी’ हप्त्यातही व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी बहुधा आपल्याच माथी येतो.

आता काचेकडे येतो, कारण खरा निर्णय तिथे आहे. दुपारच्या उन्हात दुकानाच्या दारातून ४५,०००ची आणि पावणेतीन लाखांवरची दुर्बीण जवळजवळ सारखीच दिसते. मधल्या किमतीतही आता ईडी काच (कडेची रंगीत रेघ कमी करणारी) मिळते, प्रिझमवर फेज कोटिंग, म्हणजे चित्र रेखीव ठेवणारा लेप, असतं (झाइसने ते १९८८ साली आणलं), त्यामुळे चित्राच्या मध्यभागी फारसा फरक राहत नाही. वरचे पैसे जातात ते कडेपर्यंत टिकणाऱ्या रेखीवपणाला, सूर्य समोर असताना चित्रावर पांढुरका पडदा न येण्याला आणि रुंद दृश्याला. हजार मीटरवर ८×४२ मध्ये एनएल प्युअर १५९ मीटर रुंदीचं दृश्य दाखवते, एसएफ १४८, लायका नॉक्टिव्हिड १३५. उडणारा थवा धरताना हे मीटर कामाला येतात. प्रकाश दोन-तीन टक्के जास्त येतो म्हणून मात्र पैसे मोजू नका, तेवढा फरक डोळ्याला कळत नाही.

१०×ऐवजी ८× घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. ४२ला १०ने भागलं की डोळ्याशी येणारा प्रकाशाचा ठिपका ४.२ मिलिमीटर, ८ने भागलं की ५.२५. तुम्ही जाता ते उजाडताना आणि मावळतीला, तेव्हा हाच फरक मोलाचा. हाताची थरथरही १०×मध्ये जास्त जाणवते.

मित्राची एसएफ एका रविवारी मागून घ्या, ४५,०००ची एखादी ओळखीतून मिळवा आणि दोन्ही मायणीला न्या. ट्रायपॉडवर लावा, नाहीतर हाताच्या थरथरीत सगळा फरक बुडून जातो. उजळ आभाळासमोर वाळक्या फांदीवरचा कावळा बघा, त्याच्या कडेला जांभळी-हिरवी रेघ दिसते का? चक्रवाक चित्राच्या अगदी काठाला आणा आणि चोच रेखीव राहते का पाहा. सूर्य टेकला की त्याच्या बाजूचं पाणी बघा. सूर्याकडे दुर्बीण कधीच नेऊ नका. चष्मा न काढता पूर्ण गोल दिसतो का, हेही तपासा. हे दोन-तीन रविवार करा, एका दिवसात मन ठरत नाही.

मधल्या काळात १५,०००ची आवर्ती ठेव सुरू करा. साडेसहा टक्क्यांनी १८ महिन्यांत साधारण २,८४,००० होतात. उरलेले ७,००० लेकीच्या पुढच्या प्रवेशासाठी, त्याला हात लावू नका. तोवर फरक तुमच्या डोळ्यांना दिसलाच नाही, तर ४५,०००ची घ्या आणि बाकी रक्कमही तिच्याच खात्यात जाऊ द्या. दिसला, तर बिनधास्त घ्या. दर रविवारी वापरणाऱ्या माणसाकडे ही वस्तू पंधरा-वीस वर्षं राबते, तिला मी चैन म्हणणार नाही.

घेताना भारतातली वॉरंटी आहे का ते विचारा आणि बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. पावसाळ्यात ती सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. आपल्या घाटाकडच्या दमटपणात काचेवर बुरशी धरते.