वादळ ‘मंदावले’ की ‘क्षीण झाले’?

प्रश्न असा आला आहे: ‘भर समुद्रात मंदावल्यामुळे चक्रीवादळ क्षीण झाले’ हे वाक्य एका मजकुरात होते. तपासणाऱ्याने ‘पुनरुक्ती’ असा शेरा मारून ‘मंदावल्यामुळे’ खोडले. बरोबर केले का? आणि जाताजाता, ‘कोल्ड वेक’ला, म्हणजे वादळ गेल्यावर समुद्रात त्याच्या मागे उरणाऱ्या गार पाण्याला, मराठीत काय म्हणावे?

खोडायला नको होते. वाक्यातले कारणच त्या शब्दात होते.

घोळ सुरू होतो ‘वेग’ या शब्दापासून. चक्रीवादळाला वेग दोन: आत गरगरणाऱ्या वाऱ्याचा एक आणि सगळे वादळच्या वादळ पुढे सरकते तो दुसरा. वारा ताशी १५० किलोमीटरने सुटलेला असताना वादळ स्वतः ताशी १५ किलोमीटरनेच सरकत असेल, म्हणजे सायकलवालाही त्याला मागे टाकील. ‘मंदावणे’ हे मुळात चालीचे क्रियापद. ज्योतही मंदावते हे खरे, आणि गोंधळ तिथूनच होतो. म्हणून मी ते सरकण्यासाठी राखून ठेवतो. वाऱ्याचा जोर ओसरतो, वादळ क्षीण होते.

आता मंदावलेले वादळ क्षीण का होते ते पाहा. त्याचे पोट भरते समुद्रावरून उठणाऱ्या वाफेवर, आणि त्यासाठी पृष्ठाचे पाणी साधारण २६.५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून ऊन लागते. पण हा ऊन थर पुष्कळदा शंभर मीटरही जाड नसतो. खाली गार पाणी. वारा वरचा थर घुसळतो आणि खालचे गार पाणी त्यात मिसळते. यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे: विसणणे. कढत पाण्यात गार पाणी घालतात ते विसण. वादळ आपल्याच पायाखालचे पाणी विसणते! शिवाय गोल फिरणारा वारा पृष्ठाचे पाणी केंद्रापासून बाहेर लोटतो, आणि त्या जागी खालून उपसा होतो. चाल जलद असेल तर पुरते विसणण्याआधीच वादळ पुढच्या ऊन पाण्यावर पोचते. रेंगाळले तर गार पाणी थेट गाभ्याखाली येते, वाफ घटते आणि जोर उतरतो. जुलै २००० मध्ये दक्षिण चीन समुद्रात काय-ताक हे वादळ जवळजवळ एका जागी घुटमळले, तेव्हा पृष्ठाचे तापमान सुमारे ९ अंशांनी उतरले होते. एरवी ही घट एक ते सहा अंशांच्या आत असते.

म्हणून ते वाक्य पुनरुक्ती नाही, कार्यकारण आहे. मात्र ते दर वेळी खरे ठरेलच असेही नाही. ऊन थर खोल असेल तर कितीही घुसळा, ऊनच वर येते. २००५ साली कत्रिना मेक्सिकोच्या आखातातल्या लूप प्रवाहावर फोफावले ते अशाच पाण्यावर; विसण घालायला गार पाणी हाताशी नव्हते.

‘थंडावणे’ मात्र इथे टाळा. ‘समुद्र थंडावल्याने वादळ थंडावले’ हे कानाला गोड लागते, पण पहिले थंडावणे तापमानाचे, दुसरे लाक्षणिक, आणि वाचक अडखळतो. समुद्र गार पडला, वादळ क्षीण झाले, काम भागते.

राहिला ‘कोल्ड वेक’. ‘शीत जागृती’ असे भाषांतर माझ्या पाहण्यात आहे. वाचून हसू आले, पण चूक समजण्यासारखी आहे. जागे होण्याचा ‘वेक’ वेगळा आणि जहाजामागे पाण्यात उमटणारा ‘वेक’ वेगळा. हा दुसरा जुन्या नॉर्स भाषेतून आला आणि मुळात त्याचा अर्थ बर्फात पडलेली मोकळी जागा असा आहे. मी ‘गार माग’ म्हणेन. मागून जाणाऱ्याला सापडतो तो माग, आणि इथे तो अक्षरशः सापडतो: ऑगस्ट १९९८ मध्ये अटलांटिकमध्ये बॉनी या वादळाने मागे ठेवलेल्या गार मागावरून डॅनियल हे दुसरे वादळ गेले आणि त्याचा जोर ओसरला. एक खोच तेवढी लक्षात ठेवा. उत्तर गोलार्धात हा माग वादळाच्या वाटेवर बरोबर मध्यभागी नसतो, उजवीकडे सरकलेला असतो, कारण तिथे वारा आणि त्याने ढकललेले पाणी एकाच दिशेने वळत राहतात आणि घुसळण वाढते. तेव्हा ‘वादळाच्या वाटेवरचा गार पट्टा’ असे लिहिण्यापेक्षा ‘वाटेच्या उजवीकडे उमटलेला गार माग’ असे लिहा.