वीस स्लाइड फसल्या म्हणून जनुकशास्त्र सोडायचं?

प्रश्न : मी बी.एस्सी. वनस्पतिशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जनुकशास्त्रात संशोधन करायची इच्छा होती. पण कांद्याच्या मुळांच्या वीस स्लाइड केल्या आणि एकीतही गुणसूत्रं मोजता आली नाहीत. घरचे म्हणतात, बी.एड. करून मोकळी हो. काय करू?

उत्तर : बी.एड. करायचं की नाही हे जरूर ठरव, पण या वीस स्लाइडवरून ठरवू नकोस. स्लाइड का फसली हे बहुधा ती पाहूनच कळतं. विभाजन होणाऱ्या पेशीच दिसत नसतील तर तू मुळाचा चुकीचा भाग घेतला आहेस. टोकाचा फक्त 1-2 मिलिमीटर तुकडा कामाचा. रंग दिल्यावर तोच सर्वांत गडद दिसतो, बाकीचं मूळ कापून टाक. गुणसूत्रांचा गुंता दिसला तर कोल्चिसिन (पेशीविभाजन मध्येच थांबवणारं रसायन) कमी पडलं: 0.05 टक्के द्रावणात 3 तास ठेव (विषारी आहे, हातमोजे घाल). पेशी एकमेकींवर चढलेल्या असतील तर आम्लाची प्रक्रिया अपुरी आहे. 60 अंशांच्या 1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात 5, 7 आणि 9 मिनिटं अशी तीन टोकं ठेवून बघ. बाकी काहीही बदलू नकोस. वेळ जास्त झाली की टोक लिबलिबीत होतं आणि रंग धरत नाही. दाबताना अंगठा टिपकागदावरून सरळ खाली. कव्हरस्लिप केसभर जरी सरकली तरी पेशी फाटतात.

कांद्याची गुणसूत्रं मोठी आणि फक्त 16. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल उसाची मोजत होत्या. तिथे जाड उसातसुद्धा ती 80 असतात, शिवाय बारीक. 1931 मध्ये मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या आणि कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात ऊस आणि मक्याचा संकर घडवला. 1938 मध्ये तो प्रसिद्ध झाला. एकट्या राहणाऱ्या, मागास मानलेल्या जातीतल्या स्त्रीला त्या केंद्रात वागणूक बरी मिळाली नाही. त्या इंग्लंडला गेल्या, जॉन इन्स संस्थेत युद्धाच्या वर्षांत काम करत राहिल्या आणि 1945 मध्ये जनुकशास्त्रज्ञ डार्लिंग्टन यांच्यासोबत लागवडीखालच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा ॲटलास काढला. संस्था बदलली, देश बदलला. सूक्ष्मदर्शकाखालचं मोजणं मात्र त्यांनी सोडलं नाही. मला त्यांच्यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

आता तुझ्या वाटेबद्दल. एम.एस्सी. वनस्पतिशास्त्राला जा आणि पेशीजनुकशास्त्राचं (म्हणजे गुणसूत्रांच्या अभ्यासाचं) काम खरोखर चालतं असा विभाग निवड. प्रवेशाआधी तिथल्या प्राध्यापकांचे अलीकडचे शोधनिबंध पाहा. आयआयटीत जायचं असेल तर 'जॅम' परीक्षा तिसऱ्या वर्षातच देता येते, तिचे अर्ज साधारण सप्टेंबरात निघतात. कृषी विद्यापीठातल्या वनस्पती पैदासशास्त्राच्या एम.एस्सी.ला बहुतेक ठिकाणी कृषी पदवीच लागते, त्यामुळे त्या आशेवर वर्ष घालवू नकोस. पुढे सीएसआयआर-नेट या परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा 37,000 रुपये आणि वर घरभाडे भत्ता. म्हणजे पीएच.डी. करताना घरच्यांवर भार पडत नाही, हा हिशेब त्यांना कागदावर मांडून दाखव. आणि बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येतं, हेही सांग.