प्रश्न तुमचे, उत्तरं कन्सोलमागून

प्रश्न : माझी लेक पुण्यात एका रॉक बँडमध्ये बेस गिटार वाजवते. परवा पहिल्यांदाच कोरेगाव पार्कातल्या एका छोट्या क्लबमध्ये तिला ऐकलं. छाती धडधडत होती, पण गाण्याचा एक शब्द कळेल तर शपथ. मराठीच होतं म्हणे! एवढा आवाज लागतो का? आणि पुढच्या वेळी आम्ही दोघांनी उभं कुठे राहायचं?
– बेसवालीची आई, डोंबिवली

उत्तर : ताई, तुमचे कान ठणठणीत आहेत. अशाच खोल्यांमध्ये कन्सोलवर, म्हणजे सगळ्यांचे आवाज कमीजास्त करायच्या टेबलावर, साउंड करते मी, म्हणून खात्रीने सांगते. शंभर-दीडशे माणसांच्या खोलीत ड्रमला माइक लावला नाही तरी तो मागच्या भिंतीपर्यंत पोचतो. त्याच्यावर यायला गिटारवाला आपला अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा खोका, आणखी मोठा करतो. मग गाणाऱ्याला स्वतःचंच ऐकू येईना होतं. तो मला खुणा करतो, मॉनिटर वाढव. म्हणजे त्याच्या पायाशी तिरका ठेवलेला स्पीकर. तो एका मर्यादेपुढे वाढवला की माइक शिट्टी मारतो. म्हणजे बाकीचे हवे तेवढे वर जाऊ शकतात, गळा मात्र अडकतो. त्यात स्टेज टीचभर, ड्रमर पाठीला चिकटून, त्यामुळे गाणाऱ्याच्या माइकमध्ये त्याच्या गळ्याइतकंच सिंबल, म्हणजे ड्रमची झांज, शिरतं. शब्द वर काढायला गेलं की सिंबलही वर येतं.

उपाय एकच, बाकीच्यांनी खाली यायचं. आता हे तेवीस वर्षांच्या गिटारिस्टला सांगून बघा! मी सांगत बसत नाही. त्याचा अँप खुर्चीवर चढवते आणि तोंड थेट त्याच्या कानाकडे करून ठेवते. दुसऱ्या गाण्याला स्वतःच कमी करतो.

तुम्ही उभ्या राहा कन्सोलच्या आसपास, कारण मी जे ऐकून ठरवते ते तिथलंच असतं. कोपरा आणि भिंत टाळा, तिथे बेस साचतो. (लेकीचं कौतुक म्हणून एक गाणं तिथे ऐकलंत तर माझी हरकत नाही.) साउंड चेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी, रिकाम्या खोलीत होतो, मग माणसं भरतात आणि आवाज शोषून घेतात, तेव्हा पहिल्या दोन गाण्यांवरून मत बनवू नका.

आणि कान सांभाळा. ८५ डेसिबल ८ तास चालतात असं धरलं, तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. १०० डेसिबलला उरतात जेमतेम १५ मिनिटं, आणि छोट्या क्लबात १०० सहज होतात. साधे फोमचे बोळे वरचे सूर जास्त कापतात, शब्द आणखीच हरवतील. वादकांसाठीचे फिल्टरवाले इअरप्लग घ्या. तीन जोड्या घ्या. लेक तर तालमीतही त्याच आवाजात उभी असते.

प्रश्न : आम्ही नाशिकचे चौघे. मुंबईतला एक क्लब म्हणतो पैसे नाहीत, एक्सपोजर मिळेल, शिवाय निम्मी कव्हर्स, म्हणजे दुसऱ्यांची गाणी, वाजवा. जावं का?
– ड्रमर

उत्तर : एक्सपोजर दाखवून एसटीत बसता येत नाही. क्लब तिकीट लावत असेल तर गेटचा हिस्सा मागा; नसेल तर निदान जाण्यायेण्याचा खर्च आणि जेवण. ड्रमसेट आणि अँप कुणाचे, साउंड चेक किती वाजता, हेही व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या, नाहीतर दारात पोचल्यावर कळतं की हायहॅटचा, म्हणजे पायाने वाजवायच्या झांजांच्या जोडीचा, स्टँडच नाही. कव्हर एखादं ठीक, निम्मी नाही. १९८४ साली मुंबईत सुरू झालेलं रॉक मशीन, म्हणजे पुढचं इंडस क्रीड, आज आठवतं ते स्वतःच्या गाण्यांमुळे.

प्रश्न : आमच्या वेळी धोबीतलावच्या रंगभवनात उघड्यावर रॉक ऐकलं. आता सगळं क्लबात कोंडलंय. का?
– एक माजी झेवियरकर

उत्तर : तुमचं कॉलेज आणि शेजारची हॉस्पिटलं, हेच कारण! इंडिपेंडन्स रॉक हा तुमच्या वेळचा रॉक महोत्सव १९८६ पासूनचा, पण २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार हॉस्पिटल, शिक्षणसंस्था आणि न्यायालयांभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्रात येऊ शकतात. उघड्यावर रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद. सरकार वर्षातून १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण त्यात गणपती-नवरात्रानंतर आमच्या वाट्याला काय येणार? राहिल्या बंद खोल्या. तिथेही आवाज बाहेर गेला की शेजारी फोन लावतातच, आणि त्यांचं चुकत नाही. कुणी सिगरेटसाठी दार उघडं टाकून गेलं, की मी आधी सबवूफर, म्हणजे बेसचा मोठा स्पीकर, खाली घेते आणि मग दारावर माणूस पिटाळते.