इंग्रजीत मुद्देसूद परिच्छेद लिहायला कसं शिकायचं?

‘टॉपिक सेंटेन्स (म्हणजे विषय सांगणारं वाक्य), मग तपशील, मग समारोप’ हा साचा तुम्हाला पाठ असणारच. त्यातला समारोप आधी फेकून द्या.

नोकरीच्या पहिल्या वर्षी ऑफिसच्या लिफ्टची तक्रार इंग्रजीत लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं: ‘द लिफ्ट हॅज स्टॉप्ड थ्री टाइम्स धिस वीक. ऑन मंडे इट स्टॉप्ड बिटवीन टू फ्लोअर्स विथ अ क्लार्क इनसाइड. द क्लार्क वॉज स्टक फॉर फॉर्टी मिनिट्स.’ साहेबांनी पेन उचललं. म्हणे परिच्छेद म्हणजे पाच वाक्यं, आणि शेवटी निष्कर्ष पाहिजेच. सोमवारचं वाक्य ‘फार बारीकसारीक’ म्हणून खोडलं, दोन ठिकाणी ‘मोरओव्हर’ चिकटवलं आणि खाली लिहिलं, ‘इन कन्क्लूजन, लिफ्ट इज व्हेरी इम्पॉर्टंट इन अवर डेली लाइफ.’ चार दिवसांनी लिफ्टवाल्यांचं उत्तर आलं: नेमकी कधी आणि कुठे अडकली ते कळवा. ते पत्र साहेबांनी माझ्याच टेबलावर आणून ठेवलं, वर शेरा: तपशील कमी पडले.

आता माझ्या वाक्यांतली जोडणी बघा. आधी ‘लिफ्ट’, मग ‘इट’. आधी ‘अ क्लार्क’, मग ‘द क्लार्क’. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ नाहीत, त्यामुळे ही शिवण आपल्या नजरेला येतच नाही आणि आपण वरून ‘मोरओव्हर’चं ठिगळ लावतो. रोज स्वतःचा एक परिच्छेद घ्या. प्रत्येक वाक्यातला कोणता शब्द मागच्या वाक्याला धरून आहे, त्याखाली रेघ ओढा. रेघ ओढायला शब्दच सापडला नाही तर वाक्य हलवा, नाहीतर काढा. दोन आठवड्यांत फरक कळतो.

पहिल्याच वाक्यात विषय सांगा, हा नियम १८६६ साली अलेक्झांडर बेन या स्कॉटिश प्राध्यापकाने मांडला. १९७४ साली लेखनाचे अमेरिकी अभ्यासक रिचर्ड ब्रॅडक यांनी अमेरिकी मासिकांतले लेख तपासले, तर तशी सुरुवात असलेले परिच्छेद निघाले जेमतेम १३ टक्के. आमचे साहेब म्हणायचे, ‘सगळे असंच लिहितात.’ हे ते सगळे.

अर्थात परीक्षेला बसणार असाल तर साचा मुकाट्याने पाळा, तपासणारा तोच शोधत असतो. आणि माझं पहिलं वाक्यही विषय सांगणारंच होतं, हे कबूल. भांडण शेवटच्या वाक्याचं होतं.