मी तिथल्या राजकारणावर का चिडते

प्रिय चिऊ,

तू विचारलंस, "आई, आपण ब्रिटनमध्ये राहतो, महाराष्ट्रात नाही. मग तिथल्या राजकारणावरून तू मामाशी एवढी का भांडतेस? इथल्या बातम्यांवर तर तुझा आवाज कधी चढत नाही. सगळी मराठी माणसं अशीच असतात का?" तोंडी उत्तर द्यायला गेले असते तर मी पुन्हा चिडले असते. म्हणून लिहिते आहे.

आधी शेवटचा प्रश्न. हो, बरीचशी अशीच असतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. आपल्याकडे सार्वजनिक गोष्टींवर वाद घालणं हा घरातल्या वागण्याचाच भाग आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि ती आजही चालते. लोक संध्याकाळी जाऊन बसतात, ऐकतात आणि घरी परतताना वक्त्याचं काय चुकलं यावर बोलतात. टिळक आणि आगरकर जिवलग मित्र होते. आगरकर 'केसरी'चे पहिले संपादक. पण आधी समाज सुधारायचा की आधी स्वराज्य मिळवायचं, यावर दोघांचं इतकं बिनसलं की आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' हे स्वतःचं पत्र काढलं. त्याच्याही आधी, १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला होता. पुढे त्याचे जलसे गावोगाव झाले आणि अक्षरओळख नसलेली माणसंही धर्म, जात, सावकारी यांवर चर्चा करू लागली. वाद पुण्याच्या वाड्यांपुरता राहिला नाही, शेताच्या बांधापर्यंत गेला.

आमच्या घरात माझे वडील समाजवादी विचारांच्या राष्ट्र सेवा दलात वाढलेले आणि काका संघाच्या शाखेत. सकाळी पेपर आला की सुरू. आवाज रस्त्यावर जायचे. पण काकांना दवाखान्यात ठेवलं तेव्हा रात्री उशाशी बाबाच बसले होते, आणि बाबांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमात सगळ्यात लांब भाषण काकांनी केलं. मी मामाशी भांडते ते या घरातून आलेलं आहे. मामावरचा राग नाही तो.

आता मुख्य प्रश्न. कोणता पक्ष बरोबर आणि कोणता चूक हे मी तुला सांगणार नाही. ते तू वाचून ठरव. मी कशावर चिडते तेवढंच सांगते.

ऑक्टोबर २०१९ मध्ये महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक झाली. दोन आघाड्या समोरासमोर होत्या. लोकांनी मतं दिली, निकाल लागले आणि मुख्यमंत्रिपदावरून जिंकलेली आघाडीच फुटली. राष्ट्रपती राजवट लागली. मग एका पहाटे, लोक झोपेत असताना, शपथविधी झाला आणि ते सरकार चार दिवसही टिकलं नाही. त्यानंतर जे पक्ष एकमेकांविरुद्ध लढले होते ते एकत्र आले आणि त्यांचं सरकार झालं. जून २०२२ मध्ये त्यातल्या एका पक्षाचे आमदार आधी सुरतला, मग गुवाहाटीला जाऊन राहिले, आणि सरकार बदललं. जुलै २०२३ मध्ये आणखी एक पक्ष फुटला. ज्या चिन्हावर लोकांनी बोट ठेवलं होतं ते चिन्ह कुणाचं, हे निवडणूक आयोगानं ठरवलं. एका विधानसभेच्या पाच वर्षांत राज्यातला प्रत्येक मोठा पक्ष, ज्यांच्याविरुद्ध लढला होता अशा कुठल्या ना कुठल्या पक्षाबरोबर किंवा त्याच्या तुकड्याबरोबर सत्तेत बसून झाला.

यात कायदा नव्हता असं नाही. पक्षांतराविरुद्धचा कायदा १९८५ मध्ये घटनेत दहावी अनुसूची म्हणून आला. २००३ मध्ये त्यातली एक पळवाट बंद केली गेली, ती म्हणजे एकतृतीयांश आमदार फुटले तर त्यांना मिळणारं संरक्षण. तरीही प्रत्यक्षात काय झालं बघ. २०२२ च्या जूनमधल्या फुटीवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मे २०२३ मध्ये आला. अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांनी घ्यायचा, असं न्यायालयानं सांगितलं. तो निर्णय जानेवारी २०२४ मध्ये आला आणि दोन्हींकडचा एकही आमदार अपात्र ठरला नाही. तोपर्यंत त्या विधानसभेचं शेवटचं वर्ष सुरू झालं होतं. कोणाची बाजू खरी हा माझा मुद्दा नाही. उन्हात रांगेत उभं राहून आजीनं जे मत दिलं, ते तिला न विचारता तीनदा इकडून तिकडे नेलं गेलं, हा मुद्दा आहे. तू मैत्रिणीला ठेवायला दिलेली सायकल तिनं तुला न विचारता दुसऱ्याला देऊन टाकली, तर तुला जसं वाटेल तसं मला वाटतं.

पण खरं सांगू? मला त्याहून जास्त राग येतो तो याच्या कितीतरी कमी चर्चा झालेल्या गोष्टीचा. टीव्हीवर त्यावरून आरडाओरडा फारसा झाला नाही, म्हणून तुझ्या कानावर ती आली नसेल.

तिकडे नगरपालिका आणि महानगरपालिका म्हणजे इथल्या कौन्सिलसारख्या. पाणी, गटार, कचरा, रस्ते, दिवे, शाळा. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं लिहून ठेवलं आहे की त्यांची मुदत पाच वर्षांची, त्याहून जास्त नाही, आणि मुदत संपायच्या आत नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. इतकं स्वच्छ लिहिलं आहे. तरी मुंबई, पुणे, नागपूर इथल्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक झालीच नाही. औरंगाबाद, नवी मुंबई, कोल्हापूर यांची तर २०२० मध्येच संपली होती. सुरुवातीला करोनाचं कारण होतं. मग इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात अडकला. तो खरा आणि महत्त्वाचा प्रश्न होता. पण त्याच काळात मुंबईतले प्रभाग एका सरकारनं २२७ चे २३६ केले, पुढच्या सरकारनं पुन्हा २२७ केले, आणि त्यावरचेही खटले उभे राहिले. तारखा पडत गेल्या. शेवटी मे २०२५ मध्ये न्यायालयानं निवडणुका घ्यायला सांगितलं, पुढे ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची तारीख घालून दिली आणि २९ महापालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं.

मधली सगळी वर्षं प्रशासक होते, म्हणजे सरकारनं नेमलेले अधिकारी. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटी रुपयांच्या वर होता. तो एका अधिकाऱ्यानं मांडला आणि त्यावर प्रश्न विचारायला सभागृहात एकही निवडून आलेला नगरसेवक नव्हता. अधिकारी वाईट असतात असं मी म्हणत नाही. काहींनी चांगलं काम केलं असेल. पण अधिकाऱ्याला माझ्या आईच्या मताची गरज नसते.

त्या काळात आजीच्या गल्लीतला रस्ता खोदून ठेवला होता. पाऊस सुरू झाला तरी तो तसाच. पूर्वी अशा वेळी ती नगरसेवकाच्या घरी जाऊन बसायची. तो तिच्या पक्षाचा नसायचा, पण चहा द्यायचा, ऐकून घ्यायचा आणि निदान दोन माणसं तरी पाठवायचा, कारण पाच वर्षांनी त्याला पुन्हा तिच्या दारात यायचं असायचं. आता ती फोनवर मला म्हणाली, "कुणाकडे जाऊ गं?" चिऊ, माझी आई सहज हात टेकणारी बाई नाही. तिच्या तोंडून तो प्रश्न आला आणि मी त्या रात्री झोपले नाही. मी कुठल्या पक्षावर चिडले नव्हते. सगळ्यांवर चिडले होते, कारण इतकी वर्षं सत्तेत आणि विरोधात आलटून पालटून सगळेच बसले होते.

इथे मला तसा राग येत नाही, कारण इथल्याकडून मी तेवढी अपेक्षाच ठेवत नाही. तुझ्या शाळेचं, दवाखान्याचं, कचऱ्याचं नीट चालावं, बस. तिथलं वेगळं आहे. त्याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाकडून काय होऊ शकतं हे मला माहीत आहे. १९७२ चा दुष्काळ मोठा भयानक होता. आजोबा तेव्हा तरुण होते. लाखो माणसं खडी फोडायला रस्त्यावर बसलेली त्यांनी पाहिली होती. त्या काळात महाराष्ट्रानं रोजगार हमी योजना राबवली. त्यामागे होते वि. स. पागे. विधान परिषदेचे सभापती, गांधीवादी माणूस. जो अंगमेहनतीचं काम मागेल त्याला सरकारनं काम द्यायचं, हा हक्क १९७७ च्या कायद्यात आला. आणि त्याचा पैसा कुठून आणला? शहरातल्या पगारदारांवर १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. मामाच्या पगारातून आजही दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, तो हाच कर. शहरातल्या माणसाच्या पगारातून गावातल्या माणसाला काम, हे आपल्या लोकप्रतिनिधींनी ठरवलं आणि विरोधकांनीही उचलून धरलं. पुढे २००५ मध्ये देशानं आपला रोजगार हमी कायदा केला, तेव्हा नमुना म्हणून महाराष्ट्राकडेच पाहिलं गेलं. माहितीच्या अधिकाराचंही तसंच. महाराष्ट्राचा कायदा २००२ चा, देशाचा त्यानंतर तीन वर्षांनी. हे राज्य असं होतं. अजूनही होऊ शकतं. म्हणून माझा आवाज चढतो.

मामा म्हणतो, "तुला तिथून बोलायला काय जातं? भोगतो आम्ही." त्याचं यात बरंच खरं आहे. परदेशात बसलेली आपली काही माणसं दिवसभर ग्रुपवर जे पाठवत असतात ते पाहून मला भीती वाटते. अमुक जातीचे असे, तमुक धर्माचे तसे. आग इथून लावायची आणि झळ तिथल्यांनी सोसायची. दंगल झाली तर यांचं दुकान जळणार नसतं, यांची मुलं शाळेतून परतताना अडकणार नसतात. असलं काही मी पुढे पाठवत नाही आणि आपल्या घरात कुणी मोठ्यानं वाचूही नये असं मला वाटतं. मत कुणाला द्यायचं हेही मी मामाला कधी सांगत नाही. तिथल्या कामाचं मात्र विचारते. रस्त्याचं पुढे काय झालं म्हणून आजीला मी माहिती अधिकाराचा अर्ज लिहून पाठवला. तिनं दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून तो स्वतः नेऊन दिला. तीस दिवसांच्या आत उत्तर आलं, की काम मंजूर आहे पण निविदा निघालेली नाही. तो कागद घेऊन गल्लीतल्या बायका कार्यालयात गेल्या. रस्ता दिवाळीनंतर झाला. इतक्या लांबून चिडण्याचा एवढा तरी उपयोग मला करता येतो.

राहिलं मताचं. माझा पासपोर्ट अजून भारताचा आहे. राष्ट्रकुलातल्या देशांचे नागरिक इथे कायदेशीर राहत असतील तर त्यांना इथे मतदान करता येतं, म्हणून गेल्या वेळी मी तोच निळा पासपोर्ट ओळखपत्र म्हणून दाखवून आपल्या शाळेच्या हॉलमधल्या केंद्रावर मत दिलं. तू सोबत होतीस. भारतात २०१० च्या दुरुस्तीनं परदेशातल्या नागरिकांना मतदारयादीत नाव घालता येतं. पण मत द्यायला स्वतः तिथल्या केंद्रावर, मूळ पासपोर्ट घेऊन हजर राहावं लागतं. प्रतिनिधीकडून मत द्यायची सोय करणारं विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं, पण पुढे गेलं नाही, त्या लोकसभेबरोबरच रद्द झालं. २०२४ च्या लोकसभेला परदेशातले १ लाख १९ हजारांवर मतदार नोंदलेले होते आणि प्रत्यक्ष मत दिलेले तीन हजारांच्या आत, त्यातलेही बहुतेक केरळचे. विमानाचं तिकीट काढून, रजा टाकून, मतदानाच्या दिवशी पोचणं सगळ्यांना कुठून जमणार? तरी केरळची माणसं आखातातून जातात. त्यांचं मला फार कौतुक वाटतं.

तुझं वेगळं आहे. तुझ्याकडे ओसीआय कार्ड आहे, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत देतो ते. त्यावर तू तिथे हवी तितकी राहू शकशील, शिकू शकशील, पण मत देता येणार नाही. बाबांनी इथलं नागरिकत्व घेतलं तेव्हा त्यांचाही तो हक्क गेला, कारण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. माझा अर्ज भरून तयार आहे. व्हिसाच्या रांगा, विमानतळावरचे प्रश्न, सगळं सोपं होईल, हे बाबा म्हणतात ते बरोबर आहे. पण तिथल्या मतदारयादीत माझं नाव आहे, आणि ते खोडायला माझा हात अजून होत नाही. पुढची विधानसभा २०२९ मध्ये आहे. त्या निवडणुकीला मी सुट्टी काढून जाणार आहे. तोपर्यंत अर्ज कपाटातच राहील. तुझी परीक्षा नसेल तर तूही चल. केंद्रात तुला सोडणार नाहीत, पण रांगेत माझ्याबरोबर उभी राहू शकशील.

तुझी,
आई