पिंजऱ्यातल्या माकडांचं लिव्हर सोनोग्राफीवर कितपत कळतं?

तुमच्या केंद्रातली लाल तोंडाची माकडं लठ्ठ झाली आहेत आणि सुईने तुकडा न काढता नुसत्या सोनोग्राफीवर लिव्हरचं निदान होईल का, असं तुम्ही विचारलंय. मी वन्यप्राण्यांचा पशुवैद्य आहे. माझं उत्तर असं: सोनोग्राफी जरूर करा, पण लिव्हर काम कसं करतंय हे ती सांगत नाही. त्यासाठी रक्त लागतंच. दोन्ही एकाच भुलीत उरकून घ्या, म्हणजे माकडाला पुन्हा पकडायला नको. झटापट झाली असेल तर एएसटी (लिव्हरसाठी रक्तात मोजतात ते एक एन्झाइम) स्नायूंमुळेही वाढतं, त्यामुळे तेवढ्यावरून लिव्हरला दोष देऊ नका.

चरबी बघायची रीत सोपी आहे. पोटावरचे केस काढून, कोमट जेल लावून प्रोब उजव्या बरगड्यांखाली टेकवायचा आणि लिव्हर व उजवी किडनी एकाच चित्रात आणायची. निरोगी माकडात दोन्हींचा करडेपणा जवळपास सारखा असतो. चरबी साठली की लिव्हर पांढरट होतं आणि शेजारची किडनी काळपट वाटते. पोर्टल शिरेच्या (आतड्यातलं रक्त लिव्हरमध्ये आणणाऱ्या शिरेच्या) चमकदार कडा पुसट होतात, खोलवरचा भाग अंधारात जातो. मशीनचा गेन, म्हणजे चित्राचा उजळपणा, वाढवला तर कुठलंही लिव्हर पांढरं दिसेल. म्हणून किडनीशी तुलना केल्याशिवाय 'फॅटी' हा शेरा मी लिहीत नाही.

थोडी चरबी मात्र निसटते. माणसांतसुद्धा साधारण 20 ते 30 टक्के पेशींत चरबी साठेपर्यंत सोनोग्राफीचा भरवसा नसतो. बरेच महिने जुलाब असलेल्या माकडाच्या लिव्हरमध्ये अमायलॉइड (एक बिघडलेलं प्रथिन) साठू शकतं. तेव्हा लिव्हर मोठं झालेलं दिसतं, पण ते कशाने हे तुकडा तपासल्यावरच कळतं. गाठी दिसल्या तर आधी टीबीची शंका घ्या आणि माकड हाताळणाऱ्यांचीही तपासणी करा.

आता सगळ्यात कळकळीची गोष्ट. भुलीसाठी रात्रभर उपाशी ठेवतात, ते ठीक. पण लठ्ठ माकडाचं खाणं त्यापुढे तुटू देऊ नका. अशा माकडाने अन्न सोडलं की अंगातली चरबी लिव्हरमध्ये जाऊन साचते, किडन्याही बिघडतात आणि ते काही दिवसांत दगावतं. तपासणीनंतर ते खातंय की नाही हे कुणीतरी समोर उभं राहून बघायला हवं. ताट रिकामं दिसलं म्हणून समजू नका, सोबतचं माकड पळवतं. वजन उतरवायचं तेही हळूहळू: केळी, बिस्किटं, शेंगदाणे कमी करून पाला आणि भाज्या वाढवा.

दरवर्षी त्याच माकडाची चित्रं त्याच सेटिंगवर काढून, वजनासकट जपून ठेवा. एका चित्रापेक्षा दोन वर्षांतला फरक मला जास्त सांगतो.

केंद्रात काळ्या तोंडाची वानरंही असतील तर डॉक्टरांना आधीच कल्पना द्या. पाला आंबवणारं त्यांचं मोठं जठर डाव्या बाजूला असतं आणि त्यातल्या गॅसमुळे लिव्हरचा डावा भाग बहुतेकदा झाकला जातो.