हंगेरीचा सुवर्णसंघ नेमका कधी संपला?

१९५० च्या दशकातल्या हंगेरीच्या जवळजवळ अजिंक्य फुटबॉल संघाला सुवर्णसंघ म्हणतात. ‘१९५६ चा सोव्हिएत सत्तेविरुद्धचा उठाव झाला, कर्णधार पुश्काश देशाबाहेर राहिला आणि हंगेरीचं फुटबॉल संपलं’ हे नेहमी वाचायला मिळतं, पण ते अर्धंच खरं आहे. संघ फुटला तो तेव्हाच, पण फुटबॉल आटायला त्यानंतर बराच काळ गेला. ‘एवढे भारी होते तर वर्ल्ड कप का नाही?’ या नेहमी विचारल्या जाणाऱ्या दुसऱ्या प्रश्नाचा तर ५६ शी काही संबंधच नाही.

आधी संघ जमला कसा ते बघा. १९४९ मध्ये सरकारने क्लब ताब्यात घेतले. किश्पेश्त हा क्लब सैन्याकडे गेला आणि त्याचा होनवेद झाला. पुश्काश आणि बोझिक तिथले घरचेच. कोचिश, त्सिबोर, गोलकीपर ग्रोशिच हेही पुढे तिथेच आले. त्यामुळे राष्ट्रीय संघातले निम्म्याहून जास्त गडी बारा महिने एकत्रच खेळायचे. प्रशिक्षक गुस्ताव शेबेश क्रीडा खात्याचे उपमंत्रीही होते, म्हणजे नाही म्हणायची टाप कोणाची! डावपेचांचं सगळं श्रेय मात्र त्यांना देऊ नका. सेंटर फॉरवर्डला, म्हणजे आघाडीच्या मधल्या खेळाडूला, मागे खेचायची युक्ती प्रशिक्षक बुकोवी यांनी एमटीके क्लबात आधीच वापरली होती आणि राष्ट्रीय संघाचा सेंटर फॉरवर्ड हिदेगकुटी त्याच क्लबाचा.

ती युक्ती जगाला दिसली २५ नोव्हेंबर १९५३ ला, लंडनच्या वेम्बलीवर इंग्लंडविरुद्ध. इंग्लंडमध्ये तेव्हा पाठीवरच्या नंबरावरून माणसाची जागा कळायची, ९ नंबरला सेंटर हाफने (मधल्या बचावपटूने) धरायचं. हिदेगकुटीच्या पाठीवर ९, पण स्वारी मैदानाच्या मध्यात. इंग्लंडचा सेंटर हाफ हॅरी जॉन्स्टन त्याच्यामागे गेला की बचावात भगदाड, जागेवर थांबला की हिदेगकुटी मोकळा. पहिल्याच मिनिटात त्याने गोल केला आणि पुढे हॅटट्रिकही. पुश्काशचा गोल तर शोधून बघाच. इंग्लंडचा कर्णधार बिली राइट घसरत टॅकलला येतो, पुश्काश डाव्या बुटाच्या तळव्याने चेंडू मागे ओढतो, राइट नुसत्या गवतावरून पुढे निघून जातो आणि तोवर चेंडू जवळच्या खांबालगत आत. हंगेरी ६-३ ने जिंकली. सहा महिन्यांनी बुडापेस्टमध्ये ७-१ ने.

(जाता जाता: १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारताला १०-१ ने धुणाऱ्या युगोस्लाव्हियाला फायनलमध्ये २-० ने हरवलं ते याच हंगेरीने.)

आता १९५४ चा वर्ल्ड कप. गटात पश्चिम जर्मनीला ८-३ ने चिरडलं, पण त्याच सामन्यात जर्मनीच्या लीब्रिखच्या टॅकलने पुश्काशचा घोटा दुखावला. तो नसताना ब्राझीलशी हाणामारीचा सामना आणि मग उरुग्वेशी जादा वेळेपर्यंत झुंज. ४ जुलैला बर्नमध्ये फायनलला पुन्हा जर्मनीच समोर. अर्धवट बऱ्या झालेल्या पुश्काशने सहाव्या मिनिटाला गोल केला, आठव्या मिनिटाला २-०, पण अठराव्याला २-२. ८४ व्या मिनिटाला रानने जर्मनीचा तिसरा गोल मारला आणि शेवटी पुश्काशचा गोल ऑफसाइड ठरला. पाऊस आणि जर्मनांच्या बुटांचे बदलता येणारे स्टड (तळव्याचे खिळे) यांचं कौतुक फार होतं. माझ्या मते उरुग्वेने दमवलेले पाय आणि तो घोटा यांनी जास्त घात केला. चार वर्षांत हरलेला हा एकमेव सामना, आणि नेमका हाच!

५६ च्या शेवटी उठाव चिरडायला सोव्हिएत रणगाडे आले तेव्हा होनवेद क्लबांच्या युरोपियन कपसाठी परदेशात होता. पुश्काश, कोचिश, त्सिबोर परतले नाहीत. पुश्काश पुढे रेआल माद्रिदला गेला, १९६० च्या युरोपियन कप फायनलमध्ये त्याने एकट्याने चार गोल केले. बाकीचे दोघे बार्सिलोनाला. मात्र बोझिक मायदेशीच राहिला.

आणि तरीही १९६४ च्या युरो स्पर्धेत हंगेरी तिसरी आली, १९६४ आणि १९६८ ला ऑलिंपिक सुवर्ण, ६६ च्या वर्ल्ड कपात ब्राझीलला ३-१, ६७ चा बॅलन डी’ओर (युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) फ्लोरियान आल्बेर्टला. हा काय संपलेल्या देशाचा हिशेब आहे? खरी उतरण सत्तरीत लागली. मेक्सिकोत १९८६ ला सोव्हिएत संघाने ६-० ने झोडपलं, ती त्यांची आजवरची शेवटची वर्ल्ड कप स्पर्धा. अधूनमधून चमक दिसते, जून २०२२ मध्ये इंग्लंडला त्यांच्याच घरात ४-० ने हरवलं, पण वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीचं कोडं काही सुटत नाही.